मुक्कामाला जागा कोणाची?

परीक्षांचे पर्यवेक्षण सुरू झाले, की प्राध्यापकांच्या खोलीत दरवर्षी एकच विषय निघतो : सुट्टीत कोठे जायचे? यंदा त्यात नवी भर पडली. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली होती. झोपण्याच्या चार जागा, हातभर ओटा, पाण्याची टाकी, असे हे चाकांवरचे घर घेऊन तो सहकुटुंब कोकणात उतरला आणि जाहिरातीत कोठेही उल्लेख नसलेला एक प्रश्न पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढे उभा राहिला. गाडी उभी करायची कोठे? किनाऱ्यालगत थांबला, तर गावकऱ्यांनी हटकले. आमराईच्या कडेला थांबला, तर बागेचा मालक आला. अखेर त्या कुटुंबाने निसर्गरम्य कोकणातील ती रात्र एका पेट्रोल पंपाच्या आवारात, मालमोटारींच्या रांगेत काढली.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. गाड्यांची आणि कॅरॅव्हॅन तळांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, करांत आणि शुल्कांत सवलती, असा त्याचा रोख आहे. त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते, की जी वस्तू खरोखर दुर्मीळ आहे तिच्याकडे प्रथम पाहावे. येथे दुर्मीळ आहे ती गाडी नव्हे. पैसा असेल त्याला गाडी मिळते. दुर्मीळ आहे तो रात्रीचा मुक्काम. म्हणजे सपाट जमिनीचा तुकडा, पिण्याचे पाणी, शौचालय, कचरा नेणारा माणूस आणि 'तुम्ही येथे थांबू शकता' असे सांगण्याचा अधिकार असलेली कोणी संस्था. भांडवलाला सवलत दिली म्हणजे या गोष्टी आपोआप निर्माण होतील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. निर्माण होतील त्या खाजगी आवारांत, आणि त्यांचे दर आमच्यासारख्या पगारदारांच्या आवाक्यातले असतील याची शाश्वती कोणी द्यावी?

वस्तुतः राहुटी घेऊन वाटचाल करणे महाराष्ट्राला नवे नाही. आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्यांबरोबर लाखो माणसे सुमारे तीन आठवडे चालतात. दिंडीच्या मालमोटारी राहुट्या, शिधा आणि भांडी घेऊन पुढे जातात आणि संध्याकाळी पालखीतळावर एक गाव उभे राहते. पालखीतळ म्हणजे परंपरेने मुक्कामासाठी मोकळी ठेवलेली जागा. तिच्यावर कोणाचा हॉटेलाचा परवाना लागत नाही. उणीव होती ती स्वच्छतेची. २०१५ पासून 'निर्मल वारी'च्या उपक्रमात फिरती शौचालये आली आणि तीही काही अंशी भरून निघाली. कॅरॅव्हॅनतळाला लागणारे सारे काही आपण एकदा करून दाखवले आहे. मात्र ते भक्तीसाठी केले. सहलीला निघालेल्या सामान्य कुटुंबासाठी करण्याचे आपल्या मनात आलेले नाही.

दुसरा दाखला धनगरांचा. पावसाळा सरला की देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणाकडे आणि अन्यत्र चाऱ्याच्या शोधात निघतात. त्यांचा वाडा एखाद्याच्या कापणी झालेल्या शेतात उतरतो, रात्रभर मेंढ्या त्या शेतात बसतात आणि शेताला खत मिळते म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा रोकड देतो. मुक्काम करणाऱ्यालाच यजमान मोबदला देतो, असा हा विलक्षण बाजार आहे. (रासायनिक खते आल्यापासून या व्यवहाराला ओहोटी लागली, तो विषय वेगळा.) पाहुण्याने मागे काय ठेवावे हे त्या वाड्याला ठाऊक असते. आपण मागे ठेवतो त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.

आणि चाकांवरच्या घरात जन्मभर राहणारेही या राज्यात आहेत. गाडीवर संसार लादून फिरणारा गाडीलोहार रस्त्याच्या कडेला थांबला, तर त्याला आपण अतिक्रमण म्हणतो आणि हुसकावून लावतो. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी वस्ती हलवणाऱ्या माणसाविषयीचा संशय गेला नाही. हाच मुक्काम वातानुकूलित गाडीतून केला, की त्याला पर्यटन म्हणायचे आणि वर सवलत द्यायची! भटक्यांसाठी तळ नाकारणाऱ्या समाजाने हौशी भटक्यांसाठी तळ बांधताना निदान मनाशी थोडे ओशाळावे.

पवना धरणाच्या काठी आज जे चालले आहे ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या दुर्गांच्या कुशीतला हा जलाशय. शनिवारी संध्याकाळी त्याच्या काठाला तंबूंची रंगीत किनार लागते. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांबरोबर मीही तेथे एक रात्र काढली. माणशी हजार-बाराशे रुपये, जेवण धरून. पहाटे चहा आणून देणारा पन्नाशीचा गृहस्थ पाण्याकडे बोट करून म्हणाला, "सर, आमची भातखाचरं तिथं खाली होती." सत्तरच्या दशकाच्या आरंभी धरण झाले, बुडालेल्यांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न पुढे कित्येक दशके लोंबकळत राहिला. याच पाण्याच्या बंद नळयोजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. जमीन गेली, पाणी पिंपरी-चिंचवडला गेले, आणि आता उरलेल्या काठावरून दिसणाऱ्या दृश्याचीही विक्री सुरू आहे. या विक्रीत त्या गृहस्थाचा वाटा म्हणजे चहाची किटली. काही गावकऱ्यांनी स्वतःचे तंबू लावून चार पैसे मिळवले आहेत हे खरे आणि त्याचा आनंदच आहे. पण तो ज्याच्या त्याच्या हिकमतीचा भाग झाला. त्यामागे हक्क नाही.

गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामायिक कुरणाच्या ऱ्हासाचा सिद्धान्त मांडला : जे सर्वांचे असते ते प्रत्येक जण ओरबाडतो. आमच्या वर्गात तो आवडीने शिकवला जातो. त्याला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दिलेले उत्तर मात्र अनेकदा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत राहून जाते. ज्यांचे पोट त्या कुरणावर आहे त्यांना नियम करण्याचा व ते पाळून घेण्याचा अधिकार असेल, तर सामायिक संपत्ती टिकते, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवले. २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले.

परदेशातही नुसत्या मुक्तद्वाराने भागलेले नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने नागरिकांना रानावनात तंबू ठोकण्याची मोकळीक दिली. परंतु ग्लासगो शहराच्या जवळ असलेल्या लॉख लोमंड सरोवराच्या काठाची दशा झाली तेव्हा २०१७ पासून तेथील काही भागांत मार्च ते सप्टेंबर परवाना सक्तीचा करावा लागला. मोठ्या शहराशेजारचे सरोवर, शनिवार-रविवारची झुंबड. पवनेशी साम्य सांगायला नको. याउलट गोव्याने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना दंड ठेवला. घाण थांबायलाच हवी. परंतु बसमधून पोळ्यांचा डबा आणि स्टोव्ह घेऊन आलेल्या कुटुंबाने चूल कोठे मांडावी, हे सांगितल्याशिवाय केलेला दंड हा गरीब प्रवाशावरचा कर ठरतो.

आता आमच्या गावाकडे वळू. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. या गर्दीला श्वास घ्यायला जागा उरली आहे ती पश्चिमेला, उत्तन, पाली, चौक या बाजूला. तेथे समुद्र आहे, धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून भाईंदर-वसई रो-रो सेवा सुरू झाल्याने गाड्या खाडीपार नेण्याचीही सोय झाली. कोणी उद्योजक उद्या या किनाऱ्यावर कॅरॅव्हॅनतळाचा आराखडा घेऊन आला, तर आश्चर्य वाटू नये.

माझे म्हणणे असे, की त्याच्या आधी महापालिकेने तेथील मच्छीमार संस्थांशी आणि गावकऱ्यांशी बोलावे. नोव्हेंबर ते मे, वीस-पंचवीस गाड्या किंवा तंबू, त्याहून एकही अधिक नाही. पक्के बांधकाम नाही. पाणी, शौचालय आणि सांडपाण्याची टाकी पालिकेची. भाडे कारकुनाला परवडेल इतके. आणि तळ चालवण्याचा हक्क व त्याचे उत्पन्न त्या गावांचे. जेथे जाळी पसरतात व मासळी वाळवतात ती जागा प्रथमपासूनच वगळलेली. किनारा नियमनाच्या चौकटीत बसेल तेवढेच करायचे, हे उघडच आहे.

या गावांनी नकार दिला तर? देण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे गेला. त्याच्या धुराविषयी, झिरपणाऱ्या पाण्याविषयी तेथील लोकांनी वारंवार तक्रारी केल्या. ज्यांच्या दारात आपण आपली घाण नेऊन टाकली, त्यांच्याच अंगणात सुट्टीचा तंबू ठोकू द्या म्हणून जायचे, तर आधी त्या डोंगराचे काय केले हे सांगण्याची तयारी ठेवून जावे लागेल.