मुदत कोणाला आणि मोकळीक कोणाला?



कर्जतच्या न्यायालयात वकिली करीत असताना जी एक गोष्ट मला वारंवार खिन्न करते, ती आज आपल्यापुढे निःसंकोचपणे मांडतो. सरकारी नोकरीत आपल्या माणसांवर अन्याय होतो, हे आपण जाणताच. परंतु त्या अन्यायाचा पुरावा कोणी पाहण्यापूर्वीच आपले प्रकरण दारातून परत फिरते, आणि ते परतविणारा एखादा जातीयवादी साहेब नसतो, तर एक तारीख असते!

गेल्या पावसाळ्यात, ऐन आवणीच्या दिवसांत, एक गृहस्थ माझ्याकडे आले. राज्य शासनाच्या एका खात्यात ते नोकरीस आहेत. सेवापुस्तकात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अशी नोंद करून घेतल्यापासून वरिष्ठांची नजर फिरली, असे त्यांचे म्हणणे. पुढे ज्येष्ठता यादीत त्यांच्या खाली असलेल्या दोघांना पदोन्नती मिळाली आणि यांना डावलण्यात आले. त्यांनी पिशवीतून चार वर्षांचे कागद काढून माझ्या मेजावर मांडले. कार्यालयप्रमुखांना निवेदन, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, आमदारांचे शिफारसपत्र, मंत्रिमहोदयांना निवेदन, आयोगाकडे तक्रार. प्रत्येक कागदावर पोच घेतलेली! सर्वांत वर नुकतेच आलेले दोन ओळींचे उत्तर होते : आपले निवेदन अमान्य करण्यात येत आहे. ते मोठ्या आशेने म्हणाले, “वकीलसाहेब, आता उत्तर आले. आता मुदत नव्याने सुरू झाली ना?”

नाही, बंधूंनो. सुरू झाली नाही. 1989 साली एस. एस. राठोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितले की, नियमाने दिलेल्या अपिलावरील निर्णयापासून मुदत मोजली जाईल. नियमांत नसलेली निवेदने पुनःपुन्हा दिल्याने ती वाढणार नाही. आणि 2008 साली सी. जेकब यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की, शिळ्या तक्रारीला कार्यालयाने उत्तर दिले म्हणून मेलेला हक्क जिवंत होत नाही. आमचे गृहस्थ ज्या कागदाला विजयपत्र समजून घेऊन आले होते, त्याची कायद्यातील किंमत ही एवढी!

मग खरी मुदत किती? राज्य शासकीय कर्मचाऱ्याला शिक्षेचा हुकूम झाला, तर 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांप्रमाणे हुकुमाची प्रत हाती पडल्यापासून 45 दिवसांत अपील केले पाहिजे. आमच्या कर्जतच्या रेल्वे कामगारांना, म्हणजे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडणाऱ्या बांधवांना, 1968 चे रेल्वेचे नियम लागू आहेत. तेथेही 45 दिवसच. अपिलाचा निकाल विरुद्ध गेला, तर 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे एका वर्षात न्यायाधिकरणाकडे जावे लागते. राज्याच्या नोकरांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, रेल्वेच्या नोकरांनी केंद्रीय न्यायाधिकरणाकडे.

आणि अपिलावर निकालच दिला नाही तर? येथेच आपली माणसे फसतात! साहेब निर्णय देतील, मग पाहू, असे म्हणून आपण बसून राहतो. कायदा तसे म्हणत नाही. सहा महिने वाट पाहावी, आणि ते संपल्यावर एका वर्षाच्या आत न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे. 1 जानेवारी 2025 रोजी अपील दाखल केले आणि कार्यालय मूग गिळून बसले, तर 1 जुलै 2025 पासून वर्ष मोजावयाचे. पदोन्नतीत डावलले गेल्यास, आणि त्या हुकुमाविरुद्ध नियमांत अपिलाची सोयच नसल्यास, वर्षाची गणना त्या हुकुमापासूनच सुरू झाली असे धरून चालावे. निवेदन अवश्य द्यावे. मात्र त्याच्या पोचेला ढाल समजू नये.

आयोगाविषयीही थोडे कटू बोलणे भाग आहे. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला संविधानाच्या अनुच्छेद 338 ने चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. कागद मागविणे, साक्षीस बोलाविणे हे त्याला करता येते, आणि ते उपयोगाचेही आहे. परंतु आयोग मनाईहुकूम देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ठरविले आहे. आयोगाकडे तक्रार पडून असताना न्यायाधिकरणाचे घड्याळ थांबत नाही. आपल्या संघटनांचे कार्यकर्ते तक्रार टंकलिखित करून देतात, फोटो काढतात आणि सांगतात, “दिल्लीला केस गेली, निश्चिंत राहा.” हे निश्चिंत राहणे अनेकांच्या नोकऱ्या घेऊन बसले आहे. कोणाचा हेतू वाईट नसतो; पण सदिच्छेने मुदत भरत नाही.

आता दुसरी बाजू. मुदत असू नये, असे मी म्हणत नाही. दहा वर्षांनी एखाद्याची पदोन्नती उलथविली, तर मधल्या काळात प्रामाणिकपणे वर चढलेल्या दुसऱ्या गरिबाचेही नुकसान होते, हे मान्य केले पाहिजे. माझा प्रश्न निराळा आहे. मुदत एकाच बाजूला का? कर्मचाऱ्याने 46 व्या दिवशी अपील आणले, तर त्याला विलंबाचे सबळ कारण द्यावे लागते. अपीलाधिकाऱ्याने 400 दिवस फाईल उघडली नाही, तर त्याला कोण कारण विचारतो? त्याच्या मौनाची भरपाईसुद्धा त्या कर्मचाऱ्यानेच मुदत मोजून करावयाची! आणि सरकार स्वतः वादी होते तेव्हा? फाईल या मेजावरून त्या मेजावर फिरत होती, असे सांगून शेकडो दिवसांची माफी मागणारे सरकारी अर्ज आम्ही वकील नित्य पाहतो. 2012 साली टपाल खात्याच्या एका प्रकरणात 427 दिवसांच्या विलंबावर असेच रडगाणे गायिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, मुदतीचा कायदा सरकारलाही बांधील आहे. ही गोष्ट सांगावी लागते, यातच सर्व आले!

म्हणून मागणी अशी केली पाहिजे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 7 मध्ये एक तरतूद आहे : माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारण द्यावे, अपिलाची मुदत लिहावी आणि अपील कोणाकडे करावयाचे तेही लिहावे. एका कागदाची नक्कल नाकारताना जो शिष्टाचार कायद्याने सक्तीचा केला, तो माणसाची भाकर काढून घेताना सक्तीचा का नसावा? शिक्षेच्या, बडतर्फीच्या, पदोन्नती नाकारण्याच्या प्रत्येक हुकुमाखाली स्वच्छ मराठीत मुदत आणि अधिकारी लिहिलाच पाहिजे. न लिहिल्यास मुदत सुरूच होऊ नये. शासनाला यास खर्च किती? शाईच्या एका ओळीचा!

ती ओळ येईपर्यंत ती आपणच लिहावी. लिफाफा फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का हाच आपला पहिला साक्षीदार. हुकूम हाती पडल्याची तारीख घरातल्या शिकलेल्या मुलीने दिनदर्शिकेवर लिहावी आणि पुढे 45 दिवस मोजावेत. ज्येष्ठता यादी आणि पदोन्नती समितीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागवावे. मात्र ते येईपर्यंत अपील थांबवू नये. वकिलाच्या फीची भीती असेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील देऊ केला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरे.

आणखी एक सावधगिरी. जिल्हा परिषदेचे शिक्षक व ग्रामसेवक आणि खोपोली, कर्जत नगरपरिषदांचे कामगार राज्याच्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांनी आपल्या नियमांतील अपील करावे आणि मग उच्च न्यायालयात जावे. खासगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फ केले, पदावनत केले वा पदोन्नतीत डावलले, तर 1977 च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाकडे अवघ्या 30 दिवसांत जावे लागते. चुकीच्या दारात उभे राहून घालविलेले दिवस परत मिळतीलच, याचा भरवसा नाही. दाखल्याचेही असेच. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. जमातींना तर धर्माची अटच नाही. तरी एखाद्या कार्यालयाने धर्मांतराचे निमित्त करून जातीचा दाखला नाकारला, तर त्यावर अपिलाची मुदत 30 दिवस आहे. भांडण तोंडी करीत बसू नये. नकार लेखी घ्यावा.

आपल्याच जिल्ह्यातील महाडचा दावा आठवा. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला मिळू नये म्हणून 1927 साली बाबासाहेबांवर दावा लावणारे लोक 1931 साली महाडात हरले. त्यांनी ठाण्याला अपील केले. 1933 साली तेथे हरले. मग मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि 1937 साली तेथेही हरले. आपण या कथेतील विजय तेवढा आठवतो. परंतु आपल्याला पाणी नाकारण्यासाठी त्या लोकांनी अपिलाची एकही पायरी सोडली नाही! आणि प्रत्येक पायरीवर बाबासाहेब उत्तर घेऊन उभे होते. दहा वर्षांत कोठेही एक तारीख चुकली असती, तर?

आमच्या त्या गृहस्थांचा अर्ज विलंबमाफीच्या विनंतीसह न्यायाधिकरणात दाखल केला आहे. चार वर्षे आपण का थांबलात, या प्रश्नाचे उत्तर प्रतिज्ञापत्रात कसे लिहावे यावर आम्ही दोन संध्याकाळी घालविल्या. ते म्हणत होते, “साहेबांवर विश्वास होता, असे लिहा.” तसेच लिहिले आहे.