पाहुणी गाडी, रहिवासी गाडी

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी आहे. तेथील सिपकॉटच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात देशभरातून तरुण नोकरीला येतात. पुण्या-मुंबईहून बदली झालेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. सामानाबरोबर गाडीही येते. भाड्याचे घर मिळते, मुलांच्या शाळा सुरू होतात, गॅसची जोडणी होते. पण गाडीवरची ‘एमएच’ अक्षरे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मग एखाद्या नाक्यावर पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगतो, भाषेची अडचण येते आणि घरचे सगळेच धास्तावतात.

खरे तर घाबरण्याचे कारण नसते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या देशात चालते. मात्र कलम 47 सांगते की, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नोंदणी क्रमांक घेतला पाहिजे. थोडक्यात, वर्षभर गाडी पाहुणी, पुढे ती रहिवासी.

म्हणून गाडी तामिळनाडूत कधी आली याचा पुरावा जपून ठेवावा. वाहतुकीची पावती, फास्टॅगचा उतारा, घरभाड्याचा करार, बदलीचा आदेश हे सारे एकाच पाकिटात असावे. नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि चालक परवाना यांची मुदतही पाहून घ्यावी.

मुक्काम लांबणार असे दिसताच मूळ परिवहन कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र मागावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. त्यानंतर नमुना 27 भरून नव्या कार्यालयात अर्ज करायचा. वाहनकर हा राज्यांचा विषय असल्याने तामिळनाडूचा कर वेगळा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातील उरलेल्या काळाची रक्कम परत मागता येते, पण ती नव्या नोंदणीचा पुरावा दिल्यानंतर. तोवर दोन्हींचा भार घरखर्चावर पडतो, त्याची तजवीज आधीच करावी. नवा क्रमांक मिळाला की विमा कंपनीलाही कळवावे. कागद जुळले नाहीत तर अपघातानंतर भरपाई अडू शकते.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी 2021 मध्ये ‘बीएच’ मालिका आली. सरकारी कर्मचारी आणि किमान चार राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. या गाडीला राज्य बदलले तरी नवा क्रमांक घ्यावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. मात्र सर्व राज्यांत ही सोय सारख्याच वेगाने लागू झालेली नाही. म्हणून गाडी घेण्यापूर्वीच आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

सिरुसेरीहून काहींना कंपनी पुढे परदेशी पाठवते. तेथेही प्रश्न हाच असतो: तुम्ही पाहुणे की रहिवासी? आपले परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय चालक परवाना देते. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि त्याच्या जोडीला मूळ भारतीय परवाना जवळ ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्याला भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. जर्मनीत राहायला गेल्यावर ही मुदत सहा महिन्यांची आहे. आपलीच गाडी घेऊन देशोदेशी फिरायचे असेल तर अनेक देशांच्या सीमेवर ‘कार्ने’ मागतात. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत जाईल, अशी ही जकातीची हमी असते. शिवाय गाडीवर ‘आयएनडी’ हे भारताचे चिन्ह लावावे लागते.

घरातल्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याचा आणि शाळेच्या फीचा हिशेब असतोच. बदली झाली की गाडी नव्या राज्यात पोहोचल्याची तारीखही त्यावर लिहावी आणि दहाव्या महिन्यावर एक खूण करावी. हातात दोन महिने असले की ना हरकत प्रमाणपत्रासाठी धावपळ होत नाही आणि नाक्यावर गाडी थांबली तरी छातीत धस्स होत नाही.