प्रसववेदना : आज्ञा की कष्ट?

बाळंतिणीच्या कळांचा विषय निघाला की ख्रिस्ती घरांतून अजूनही एखादे वडीलधारे माणूस उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवते. हव्वेने फळ खाल्ले, म्हणून तिच्या लेकींनी कळा सोसायच्या. देवानेच तसे ठरवून ठेवले आहे. असे म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. पण ज्या मुलीला हे ऐकवले जाते, तिच्यावर वेदनेच्या जोडीला अपराधाचेही ओझे पडते. वेदना कमी करणारे इंजेक्शन मागताना आपण विश्वासात उणे पडलो असे तिला वाटू लागते. ख्रिस्ती श्रद्धेच्या आत उभे राहूनच आम्ही म्हणतो की शास्त्राचे हे वाचन चुकीचे आहे. ते चूक ठरवण्यासाठी शास्त्र बाजूला ठेवण्याची गरज नाही. ते नीट वाचले की पुरते.

त्या अध्यायात शापाचा उच्चार दोनदाच होतो : एकदा सर्पाविषयी आणि एकदा भूमीविषयी. स्त्रीला किंवा पुरुषाला 'शापित' म्हटलेले नाही. स्त्रीच्या वाट्याला जे येते त्यासाठी मूळ हिब्रूत 'इत्साबोन' हा शब्द आहे. कष्ट, क्लेश, जिवाला शिणवणारे श्रम, असा त्याचा अर्थ. लगेच पुढच्या वचनात देव आदामाशी बोलतो, तेव्हा भूमीतून अन्न मिळवण्यासाठी त्याला जे उपसावे लागणार त्यालाही हाच शब्द योजला आहे. प्रसंग एक, बोलणारा एक, शब्दही एक. तरी वाचणाऱ्यांनी त्याचे दोन अर्थ केले. जमिनीत काटे आणि कुसळे उगवतील असे आदामाला सांगितले, म्हणून खुरपे हाती घेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी देवाची आज्ञा मोडणारा म्हटले नाही. नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला. कपाळाचा घाम कमी झाला म्हणून कोणत्याही मंडळीला चिंता वाटली नाही. पुरुषाच्या बाबतीत जे परिस्थितीचे वर्णन ठरले, तेच स्त्रीच्या बाबतीत पाळायची आज्ञा ठरले.

हा युक्तिवाद आमचा नवा नाही. एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 च्या जानेवारीत प्रसूतीसाठी ईथर वापरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. डिसेंबरात त्यांनी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी एक पुस्तिकाच छापली. तीत त्यांनी हिब्रू शब्दांची चिकित्सा केली, शेतकऱ्याचा दाखला दिला आणि आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती याचीही आठवण करून दिली. पुढे 7 एप्रिल 1853 रोजी व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले. इंग्लंडच्या चर्चची प्रमुख असलेल्या स्त्रीनेच ते घेतले, याला अर्थ होता. पाद्री विरुद्ध विज्ञान असे या प्रकरणाचे जे सोपे चित्र रंगवले जाते, ते मात्र खरे नाही. चर्चच्या विरोधाचे लेखी पुरावे थोडेच सापडतात, असे पुढच्या इतिहाससंशोधनातून दिसून आले आहे. वेदना निसर्गक्रमाचाच भाग आहे, तिला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांत डॉक्टरही होते. क्लोरोफॉर्म त्याच्या धोक्यांमुळे केव्हाच मागे पडले. त्याच्याभोवती उभा राहिलेला प्रश्न मात्र उरला.

सिम्प्सन यांच्या युक्तिवादापुढे एक पाऊल टाकता येते. 'इत्साबोन' हा शब्द सबंध हिब्रू शास्त्रात तीनदाच येतो. पहिल्यांदा स्त्रीसाठी, दुसऱ्यांदा पुरुषासाठी, आणि तिसऱ्यांदा उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात, नोहाच्या जन्मप्रसंगी. नोहाचा बाप लामेख बाळाचे नाव ठेवताना आशा व्यक्त करतो की हा मुलगा आम्हांला आमच्या हातांच्या कष्टांपासून दिलासा देईल. हे कष्ट म्हणजे तोच 'इत्साबोन'. ज्या ग्रंथात हा शब्द आला, त्याच ग्रंथात त्यातून सुटण्याची इच्छाही बोलली गेली आहे, आणि लामेखाला त्याबद्दल कोणी दोष देत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी क्रूस आहे. येशूने वधस्तंभावर जाण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, असे मार्क सांगतो. मग वेदनेला काही मोल नाही काय? मोल आहे, परंतु येशूने नकार दिला तो स्वतःपुरता. त्याच्याकडे आलेल्या एकाही रोग्याला त्याने 'सोस' म्हणून परत धाडले नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला त्याने मुली म्हणून हाक मारली आणि बरी करून शांतीने पाठवले. स्वतः उचललेला क्रूस वेगळा आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला वेगळा. पोप पायस बारावे यांनी 8 जानेवारी 1956 रोजी डॉक्टरांपुढे वेदनारहित प्रसूतीविषयी बोलताना शास्त्रवचन तिच्या आड येत नाही असे स्पष्ट केले. वेदना उरलीच तर श्रद्धेने तिला अर्थ देता येतो, हेही ते म्हणाले. निवड स्त्रीची, हा त्यातला गाभा आम्ही मोलाचा मानतो.

कारण दुसऱ्या टोकालाही एक सापळा आहे. भीतीमुळेच प्रसूतीची वेदना वाढते, असे इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 पासून मांडले. त्यात तथ्य होते आणि स्त्रियांविषयी कणवही होती. पण त्या विचारातून नकळत एक नवी परीक्षा तयार झाली : जी ओरडली ती भित्री, जिने औषध मागितले ती हरली. जुन्या वाचनाने बाईला पापी ठरवले, नव्याने नापास केले. दोन्ही ठिकाणी तिच्या कळांवरून तिची किंमत ठरवणारे कोणी तिसरेच.

मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांशी बोलताना प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा दाखला देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तिची घटका आली म्हणून तिला क्लेश होतात आणि बाळ जन्मल्यावर तो आनंद क्लेशांना मागे टाकतो, एवढेच तो सांगतो. हव्वेचे नाव तो काढत नाही. बाळंतिणीच्या उशाशी उत्पत्तीचे पुस्तक उघडायचेच असेल, तर तिसऱ्या अध्यायाशी थांबू नये. निदान पाचव्यापर्यंत वाचावे.