मोतीची खाज आणि भाद्रपद

परागकण सोसले नाहीत म्हणजे माणसाला शिंका येतात, डोळ्यांना धार लागते आणि आपल्या व्यथेची द्वाही तो चारचौघांत फिरवू शकतो. श्वानाच्या ठायी हीच व्याधी बहुधा नाकाची वाट सोडून त्वचेची वाट धरते, आणि म्हणूनच ती धन्याच्या ध्यानात उशिरा येते. दरसाल भाद्रपद लागला की आमचा मोती पुढचे पंजे चाटू लागतो, कान खाजवतो, पोट फरशीवर घासतो, आणि घरी आलेले पाहुणे त्याच्या स्वच्छतेच्या आवडीचे कौतुक करतात. वस्तुतः सतत चाटल्यामुळे लाळेतील रंगद्रव्याने पंजांवरचे पांढरे केस तांबूस झाले, की तो खाजेचा लेखी दाखलाच समजावा.

पुण्यात अशा वेळी पहिला संशय जातो तो गाजरगवतावर. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात या शहरात ज्याची नोंद झाली आणि परदेशी गव्हाबरोबर जे आले असे सर्वत्र मानले जाते, ते हे मूळचे अमेरिका खंडातील तण पावसाळ्यात प्रत्येक मोकळ्या भूखंडावर बिनदिक्कत कब्जा करते. त्याच्या स्पर्शाने माणसांच्याही अंगावर चट्टे उठतात, मग ज्याचे विरळ केसांचे पोट त्यातूनच घासत जाते त्या प्राण्याची काय कथा! तथापि सारा ठपका गवतावर ठेवणे न्यायाचे नव्हे. कंबर आणि शेपटीचे मूळ यांवरच खाज एकवटली असेल तर बहुधा पिसवेची लाळ कारणीभूत असते. धुळीतील सूक्ष्म कीटकांचा किंवा अन्नाचा उपद्रव सहसा ऋतू पाहत नाही. आणि पावसाळी दमटपणात खाजवलेल्या जागी बुरशी व जंतू आपला स्वतंत्र अंमल बसवतात, तो प्रकार निराळाच.

इलाजाच्या बाबतीत धनी लोक उतावळे असतात. स्टेरॉइडच्या गोळीने खाज झपाट्याने शमते हे खरे, पण तहान, भूक आणि लघवी वाढते, आणि ती दीर्घकाळ देणे धोक्याचे. खाजेच्या संदेशालाच अडवणारी ओक्लासिटिनिबसारखी नवी औषधे आता उपलब्ध आहेत, परंतु तीही पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावयाची. घरातील सर्दीची गोळी कुत्र्यास देणे, किंवा जे तो निश्चित चाटणार त्या अंगावर कापराचे तेल चोळणे, हे उपचार नसून विषप्रयोग होत.

खरा बंदोबस्त कंटाळवाणा आहे: फिरून येताच पंजे व पोट कोमट पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे (ओल्या बेचक्या न धुतलेल्यांहून वाईट), औषधी शाम्पू अंगावर दहा मिनिटे मुरू देणे आणि पिसवांचे औषध मुदतीत देणे. रोजच्या खाजेची नोंदवही ठेवल्यास पुढील वर्षी पशुवैद्यापुढे तक्रार पुराव्यानिशी मांडता येते. ज्या पदार्थाचे वावडे, त्याचीच अल्प मात्रा टोचून शरीराला सवय लावण्याचीही एक पद्धत आहे; पण तिचा गुण दिसण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि तो प्रत्येक श्वानास येतोच असे नाही. आमच्या घरी त्यावर अद्याप मसलत चालू आहे.