अरंगेत्रमची घाई कशाला?

संपादक मंडळाने लेख मागताना 'विषय वैद्यकीयच हवा असे नाही' असे आवर्जून सांगितले. मी निवडलेला विषय निम्मा वैद्यकीय आहे आणि निम्मा आपल्या घराघरांतला. नृत्यातील माझी गती शून्य आहे, हे आरंभीच कबूल करते. परंतु नृत्य शिकणाऱ्या मुलींचे गुडघे, टाचा आणि त्यांच्या आयांची चिंता गेली अनेक वर्षे माझ्या दवाखान्यात येत आहेत. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

एका ऑगस्टमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर, सूज होती. बोट लावताच ती कळवळली. आई म्हणाली, "मॅडम, डिसेंबरात हिचं अरंगेत्रम् आहे. हॉल ठरलाय, पत्रिका छापायला दिल्यात. तोवर गुडघा चालेल असं काहीतरी द्या." मुलीला नृत्य शिकू लागून जेमतेम तीन वर्षे झाली होती. निदान अवघड नव्हते. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू ज्या कोवळ्या जागी नडगीला जोडलेला असतो, ती जागा वारंवार ओढली गेली की दुखू लागते. ऑस्गुड-श्लॅटर या नावाने आपण सारे हा विकार ओळखतो. तो गंभीर नाही. श्रम बेताचे केले, स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम केले तर वाढ पूर्ण होताना बहुधा आपोआप मिटतो. पण मला तो गुडघ्याचा आजार वाटलाच नाही. तो घाईचा आजार होता.

बडोद्यात राहून भरतनाट्यमकडे 'दक्षिणेकडची कला' म्हणून पाहणे आपल्याला शोभणार नाही. तंजावूरला १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू निगडित होते. आज रंगमंचावर दिसणारा कार्यक्रमाचा क्रम, ज्याला 'मार्गम्' म्हणतात, त्याची घडी बसवण्याचे श्रेय या बंधूंना दिले जाते. पुढे १८८० मध्ये तंजावूरची राजकन्या सयाजीराव महाराजांची राणी, पहिल्या चिमणाबाई, म्हणून बडोद्यास आली आणि तिच्या पाठोपाठ तंजावूरचे नृत्यही येथील दरबारात आले. त्याच परंपरेतील कुबेरनाथ तंजावूरकरांनी याच शहरात शिष्य घडवले. आपल्या विद्यापीठात आज भरतनाट्यमची पदवी घेता येते, त्यामागे एवढा इतिहास आहे. हा वारसा आपण मिरवतो. तो ज्या सबुरीवर उभा आहे, ती सबुरी मात्र विसरत चाललो आहोत.

या शिक्षणाच्या पायऱ्या मी एका गुरूंच्या वर्गात कोपऱ्यात बसून पाहिल्या, तेव्हा मला बालविकासाचे पाठ्यपुस्तकच उघडल्यासारखे वाटले. प्रथम भूमीला नमस्कार. मग अरमंडी, म्हणजे पाय बाहेर वळवून, गुडघे दुमडून, पाठ ताठ ठेवून उभे राहणे. मग तट्टडवू: गुरूंच्या काठीच्या ठोक्यावर केवळ पाऊल आपटणे, पहिल्या काळात, मग दुप्पट, मग चौपट लयीत. मग टाच टेकवत पाय लांबवणारे नाट्टडवू आणि त्यापुढचे अवघड प्रकार. महिनोन्‌महिने एवढेच. त्यानंतर कुठे अलारिप्पु येते. त्यात आधी नजर हलते, मग मान, मग खांदे, मग हात. शरीर उभ्या स्थितीतून अरमंडीत आणि तेथून पूर्ण बैठकीत उतरते. बाळही आधी नजर स्थिर करते, मग मान धरते, मग बसते, मग उभे राहते. मान न धरलेल्या बाळाला आपण कधी चालवायला घेतो का?

अलारिप्पुनंतर जतिस्वरम्, शब्दम्, मग वर्णम्, पुढे पदम् आणि शेवटी तिल्लाना. बालासरस्वतींनी या क्रमाची तुलना मंदिराशी केली होती: अलारिप्पु हे गोपुर आणि पदम् हा गाभारा. वर्णम् अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक चालते. त्यात शुद्ध नृत्य आणि अभिनय दोन्ही लागतात. त्यासाठी दम हवा, स्मरण हवे आणि भावनेची काही समजही हवी. पदम् तर बहुतांशी विरह, रुसवा, वाट पाहणे यांचे असते. अकरा वर्षांची मुलगी ते पाठ करून दाखवू शकते. पण जे तिला अजून ठाऊकच नाही, ते तिच्या चेहऱ्यावर कोठून येणार?

आता थोडे अस्थिशास्त्र. जन्मतः मांडीच्या हाडाला आतल्या बाजूस सुमारे ४० अंशांचा पीळ असतो; वाढीबरोबर तो उलगडत प्रौढपणी १५ अंशांच्या आसपास येतो. म्हणून सात-आठ वर्षांच्या अनेक मुलींची अरमंडी पूर्ण उघडत नाही. तो आळस नसतो. पाय खुब्यातून वळायला हवा. तेथून वळत नसेल आणि पाऊल मात्र बळेच बाहेर फिरवले, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. त्यात वर्ग तळघरात किंवा गच्चीवर, काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर. अनवाणी पावलांनी तासभर तट्टडवू करणाऱ्या मुलीच्या टाचेच्या वाढत्या हाडाला ते झेपले नाही तर नवल काय? जुन्या क्रमात वर्षे लागत, ती वाया जात नव्हती. त्या काळात हाडे, स्नायू आणि तोल जुळून येत असत.

परीक्षांबद्दलही बोलले पाहिजे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन आणि विशारदच्या दोन अशा सात आहेत. वर्षाला एक म्हटली तरी सात वर्षे होतात. प्रमाणपत्रांचा सोस वाईटच, पण निदान या रचनेत पायऱ्या शिल्लक आहेत. अरंगेत्रमची गोष्ट वेगळी. मूळ अर्थाने ते शिष्याचे पहिले पाऊल. गुरूने 'आता हिला लोकांसमोर उभे करता येईल' असे ठरवल्यावरचे. आज तारीख आधी ठरते आणि मुलगी नंतर तयार केली जाते. लग्नासारखा खर्च, तसाच आहेर आणि बहुधा त्यानंतर घुंगरू कायमचे पेटीत. पहिले पाऊलच शेवटचे ठरावे, याहून विपरीत काय!

काही शिक्षिका सांगतात, "डॉक्टर, ध्येय समोर नसेल तर मुली टिकत नाहीत, पालकही नाहीत." या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे, हे मी जाणते. पण ध्येय अरंगेत्रमच का असावे? वर्षातून एकदा वर्गातच सतरंजी अंथरून, आजी-आजोबांसमोर प्रत्येकीने आपली पायरी दाखवावी; पहिलीने तट्टडवू, दुसरीने अलारिप्पु. टाळ्या दोघींनाही सारख्याच मिळाव्यात.

दोष मी केवळ पालकांना देत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका आईने विचारले होते, "दहावी आहे, क्लास बंद करू ना?" मी क्षणभरही विचार न करता "करा" म्हणाले. मुलगी मध्यमेपर्यंत पोहोचली होती. दहावीत उत्तम गुण मिळाले. काही वर्षांनी ती भेटली तेव्हा वजन वाढलेले, पाठ दुखणारी, झोप हरवलेली. म्हणाली, "त्या वर्षी क्लास सुटला, मग परत जायचं धाडसच झालं नाही." शाळकरी मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याजवळ तो तास होता. तो मी एका शब्दात काढून घेतला. घाई आणि तोडणे ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोन्हींत मुलीला विचारलेले नसते.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती: नृत्य करणारी मुलगी गुडघा किंवा टाच धरून आली तर वेदनाशामक लिहून तिला रंगमंचावर पाठवू नका आणि 'नाच बंद' असेही सांगू नका. फरशी कशी आहे, तास किती, कार्यक्रम जवळ आला आहे का, हे विचारा. तिचे हिमोग्लोबिन पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला आहे. शक्य असेल तर तिच्या गुरूंना फोन करा. पालकांना विनंती: प्रवेशाच्या दिवशी 'अरंगेत्रम् कधी?' हा प्रश्न विचारू नका.

त्या ऑगस्टातल्या मुलीचे पुढे काय झाले? हॉलची अनामत बुडाली. आई माझ्यावर काही महिने रुष्ट होती. मुलीच्या गुरूंनी मात्र माझे म्हणणे ऐकून घेतले, पायाखाली लाकडी फळ्या घातल्या आणि तिला पुन्हा पहिल्या काळातील तट्टडवूपासून सुरुवात करायला लावली. तिचे अरंगेत्रम् अजून झालेले नाही. ती आता चौदा वर्षांची आहे आणि आठवड्यातून तीन दिवस वर्गाला जाते. गेल्या महिन्यात तापासाठी आली होती. तपासून झाल्यावर तिने एकच विचारले, "गुरुवारी क्लासला जाऊ ना?"