शाओलिनचे दार आणि तिकीटखिडकी : हेनानमधला बौद्ध वारसा कोणाच्या हाती?

जुलै 2025 च्या अखेरीस चीनमधल्या शाओलिन विहाराचे प्रमुख शी योंगशिन यांच्यावर विहाराचा निधी आणि मालमत्ता हडपल्याच्या संशयावरून चौकशी सुरू झाल्याचे जाहीर झाले. स्त्रियांशी संबंध ठेवून विनयाचे नियम मोडल्याचाही आरोप होता. दुसऱ्याच दिवशी चीनच्या बौद्ध संघटनेने त्यांचे भिक्खूपद रद्द केले. 1999 पासून ते प्रमुख होते. 'सीईओ भिक्खू' म्हणून जगभर त्यांची थट्टा झाली. आम्हाला मात्र हा प्रश्न एका माणसापुरता वाटत नाही. शाओलिन ज्या हेनान प्रांतात आहे, तिथल्या पर्यटनाकडे पाहिले की या प्रकरणाची मुळे दिसू लागतात.

हेनान हा पीत नदीकाठचा प्रांत. चिनी परंपरेनुसार हान सम्राट मिंग याच्या काळात काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ घेऊन लुओयांगला आले आणि इ.स. 68 मध्ये तिथे श्वेताश्व विहार उभा राहिला. याच विहाराच्या आवारात सांचीच्या धर्तीवर बांधलेल्या भारतीय विहाराचे उद्घाटन मे 2010 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले.

लुओयांगजवळच लोंगमेनची लेणी आहेत. तिथे दोन हजारांहून अधिक गुंफा आणि कोनाडे असून मूर्तींची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. त्यातली वैरोचन बुद्धाची मूर्ती 17 मीटरहून उंच असून ती इ.स. 675 मध्ये पूर्ण झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथली अनेक बुद्धशिरे छाटून विकली गेली. इथून तोडून नेलेली राजपरिवाराच्या मिरवणुकीची शिल्पे आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. बाजाराने वारशावर घातलेला घाला हेनानने पूर्वीच सोसला आहे.

आजचा बाजार निराळा आहे. युनताई पर्वतातला 314 मीटरचा धबधबा पाहायला दरवर्षी लाखो लोक येतात. जून 2024 मध्ये एका गिर्यारोहकाने वर चढून चित्रफीत काढली, तेव्हा कड्यावर पाण्याचा पाइप दिसला. कोरड्या दिवसांत पर्यटकांची निराशा होऊ नये म्हणून थोडे पाणी सोडतो, असा खुलासा व्यवस्थापनाने केला. निसर्गाचे जे झाले, तेच धम्माचे होऊ शकते. पर्यटकाला जे पाहायचे आहे ते रोज दिसलेच पाहिजे, मग आतला झरा आटला तरी चालेल!

शाओलिनची स्थापना इ.स. 495 मध्ये भारतातून आलेल्या भिक्खू बुद्धभद्र यांच्यासाठी झाली. 1982 च्या 'शाओलिन टेम्पल' चित्रपटानंतर तिथे पर्यटकांची रीघ लागली. ध्यान मागे पडले आणि कुंग फूचे प्रयोग पुढे आले. स्थानिक सरकारने हाँगकाँगच्या पर्यटन कंपनीशी भागीदारी केली. परिसर शेअर बाजारात नेण्याच्या योजनेवरून वादळ उठले आणि 2012 मध्ये केंद्र सरकारलाच मंदिरांच्या अशा नोंदणीला मनाई करावी लागली. तिकिटाच्या पैशातला वाटा थकला म्हणून विहार आणि पर्यटन प्रशासन यांच्यात कोर्टकज्जाही झाला.

विनयात भिक्खूला सोने-रुपे स्वीकारण्यास मनाई आहे. हा नियम संघाला लोभापासून आणि उपासकाला फसवणुकीपासून वाचवतो. दान देणारा उपासक संघाला जाब विचारू शकतो. तिकीट काढणारा पर्यटक तो विचारत नाही, कारण त्याचा व्यवहार दारातच संपलेला असतो. शाओलिनमध्ये उत्पन्न वाढत गेले, पण हिशेब मागणारा उपासकवर्ग वाढला नाही. शी योंगशिन यांच्यावर 2015 मध्येही आरोप झाले होते. तरीही ते आणखी दहा वर्षे पदावर राहिले.

आता सरकारने कारवाई केली आणि श्वेताश्व विहाराचे प्रमुख यिनले यांना शाओलिनमध्ये आणले. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण ज्या सत्तेने विहाराला पर्यटनाच्या बाजारात उतरवले, तीच आता शुद्धीकरण करते आहे. या दोन्ही वेळी संघाचा स्वतःचा आवाज कुठे होता?

हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. बोधगयेचे महाबोधी महाविहार 1949 च्या कायद्याने चालते. त्या व्यवस्थापन समितीत बौद्धांना बहुमत नाही. त्यासाठीचे आंदोलन आपण जाणतोच. पण शाओलिन आपल्याला पुढचा धडा देते. व्यवस्थापन बौद्धांच्या हाती येणे आवश्यक आहे, मात्र तेवढे पुरेसे नाही. शाओलिनचे प्रमुखही भिक्खूच होते. म्हणून हक्काच्या मागणीसोबतच जाहीर हिशेब, उपासक-उपासिकांचा सहभाग आणि विनयाची शिस्त यांचा आग्रह तरुणांनी आजपासूनच धरला पाहिजे. त्याची सुरुवात आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या जमाखर्चापासून करता येईल.