काळ्या वायरीचे लाड करा!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद, रात्रभर ड्राइव्ह आणि शनिवारी सकाळी डोळे उघडतात ते थेट गुहागरच्या किनाऱ्यावर, आपल्याच गाडीत! कॅम्पर व्हॅनच्या या स्वप्नानं हल्ली बऱ्याच जणांना पछाडलंय. कुणी सेकंडहॅण्ड ईको शोधतंय, कुणी ट्रॅव्हलर. राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गादी कुठली, पडदे कुठले, फेअरी लाइट्स पिवळे की पांढरे, यावर तासन्‌तास खल होतो. मग फ्रिज, पंखा, लॅपटॉपसाठी १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी येते. आणि ती जोडायचं काय? ‘नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन देईल ना जोडून!’

थांबा, बॉस. त्या बॅटरीपासून फूटभरावर तुम्ही रात्री झोपणार आहात.

कॅम्परमध्ये सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापरतात. मोबाइलमधल्या तिच्या चुलत बहिणीपेक्षा ही बरीच शांत स्वभावाची. चार सेलचे मिळून १२.८ व्होल्ट, म्हणजे १०० ॲम्पिअर-अवरला १२८० वॅट-अवर. घरच्या मीटरच्या भाषेत जेमतेम सव्वा युनिट. पण तिचा आतला रोध इतका कमी असतो, की शॉर्ट झालं तर सेल क्षणात हजारो ॲम्पिअर ओतू शकतात. ‘बारा व्होल्टचा कुठे शॉक बसतो?’ असं सांगणारे खूप भेटतील. शॉकचं सोडा हो, भीती आहे ती उष्णतेची.

साधं गणित करू. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ९० ते १०० ॲम्पिअर खेचतो. एखाद्या सैल जॉइंटमध्ये फक्त ०.०१ ओहम रोध असला, तरी १०० ॲम्पिअरला तिथे १०० वॅट उष्णता तयार होते. प्लायवूड आणि फोमच्या गादीमागे जुन्या काळचा शंभरचा पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखंच!

आता हा सैल जॉइंट सापडतो कुठे? बहुतेक वेळा काळ्या वायरीच्या टोकाला. लाल वायर सगळे जपतात. जाड घेतात, वर स्लीव्ह चढवतात. काळी मात्र ‘बॉडीला मार’ म्हणत समोर दिसेल त्या स्क्रूखाली दाबली जाते. खरं तर लाल वायरीतून जितका करंट जातो तितकाच काळीतून परत येतो. त्यात सूट नाही.

गोंधळ त्या ‘अर्थिंग’ शब्दानं होतो. घरात अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप नाहीतर प्लेट. व्हॅन उभी असते रबरी टायरवर, तिचा जमिनीशी काय संबंध? गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणजे गाडीची बॉडी. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडायची ती का? समजा, वर्षभर खडखडाट सोसून लाल वायरीचं इन्सुलेशन कुठेतरी पत्र्याला घासून गेलं. अशा वेळी करंट बॉडीतून झटकन परत येऊन फ्यूज उडायला हवा. परतीची वायर बारीक असेल, तर फ्यूजआधी तीच तापून लाल होईल. म्हणून बॉडीला जाणारी केबल मुख्य लाल केबलइतकीच जाड आणि आखूड हवी. अशा लोडला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल बरी.

बाकी सगळ्या काळ्या वायरी एका बसबारवर आणा आणि बॉडीला एकाच जागी जोडा. इन्व्हर्टरचा परतीचा करंट पत्र्यातून नको, त्याची स्वतंत्र केबल थेट बसबारला न्या. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, कारण रंगातून करंट जात नाही. नीट क्रिम्प केलेला लग, खाली दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट आणि वरून ग्रीस किंवा पेंट. कोकणातल्या खाऱ्या हवेला उघडं लोखंड फार आवडतं. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा मोह मात्र टाळाच!

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ‘बीएमएस आहे की आत!’ हा आवडता युक्तिवाद. अहो, बीएमएस सेलची काळजी घेतं, फ्यूज वायरीची. मोठ्या शॉर्टमध्ये बीएमएसमधले स्विच स्वतःच चालू स्थितीत चिकटून बसू शकतात. फ्यूजही साधा नको. हजारो ॲम्पिअर तोडायची क्षमता असलेला, क्लास टी सारखा घ्या.

गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जिंग करायचं असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि गाडी उभ्या उभ्या चालू असेल तर अल्टरनेटरला पुरेशी हवा मिळत नाही, तो भाजून निघतो. चार्जरकडे जाणाऱ्या लाल वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या असतात, म्हणून फ्यूजही दोन्हीकडे. इथेही काळीकडे बघा. तुम्ही ती थेट गाडीच्या मूळ बॅटरीच्या टर्मिनलला नेलीत आणि त्या बॅटरीची बॉडीला जाणारी केबल गंजलेली निघाली, तर सेल्फ मारताना स्टार्टरचा करंट तुमच्या बारीक वायरीतून वाट काढू शकतो. नवीन काही जोडण्याआधी जुनी केबल तपासा, लागलीच तर बदला.

इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला खराखुरा शॉक बसतो. तिथे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवा आणि इन्व्हर्टरची बॉडी गाडीच्या बॉडीला जोडलेली हवी. न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचे हे नीट ठरलं नसेल तर आरसीसीबी नुसता शोभेचा राहू शकतो. इतकं काम जाणकार वायरमनकडे द्या. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

सगळं जोडून झालं की इलेक्ट्रिक केटल लावून इन्व्हर्टरला पूर्ण लोड द्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इन्व्हर्टरच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसलं तर छान. अर्धा व्होल्ट दिसला तर तुमच्या काळ्या वाटेवर ५० वॅट जळताहेत. केटल बंद करा, फ्यूज काढा आणि सगळे बोल्ट पुन्हा पहिल्यापासून तपासा.